बाबांच्या खांद्यावरचा हात

मुलुंडच्या त्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सहा प्लग होते आणि त्यातला एकच चालू होता. इरावतीला हे कळलं तोवर त्या एका प्लगमध्ये कुणीतरी आपला चार्जर खोचून बसलं होतं.

ती तशीच उभी राहिली. ऑक्टोबरच्या उन्हात नवघरपासून चालत आल्याने कपाळावर केस चिकटले होते. हातात ऑफिसने मोडीत काढलेला, तिने मागून घेतलेला लॅपटॉप. त्याची बॅटरी सात मिनिटं टिकायची, आणि त्यातली चार तो सुरू होण्यातच जायची.

प्लगवाल्याने मान वर केली. चौकड्यांचा शर्ट, समोर स्टीलचा थर्मास, उजव्या तळहाताच्या कडेला मार्करची निळी शाई.

"अर्धा तास तुम्ही, अर्धा तास मी," तो म्हणाला. "चालेल?"

आवाज इतका बसलेला होता, की शब्द कळायला तिला क्षणभर लागला.

"घशाला काय झालं?"

"विकला," तो म्हणाला. "घाटकोपरला क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. आठवड्याला छत्तीस तास. रविवारी जो उरतो तो हा."

इरावतीला हसू आलं. आपण शेवटचं कधी हसलो होतो, हे आठवायचा तिने प्रयत्न केला आणि मग कंटाळून सोडून दिला.

वाचनालयाने त्या दिवशी एक छोटी कार्यशाळा ठेवली होती. छंद म्हणून चित्रं, फोटो, अक्षरं करायची असतील तर कॉम्प्युटरवर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असा विषय. शिकवायला शर्मिष्ठाताई होत्या. तीस वर्षं छापखान्यात काढलेली, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधत फिरणारी बाई.

"सॉफ्टवेअरचं नाव नंतर," त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. "आधी तुम्हाला करायचंय काय ते बोला. भाजी चिरायची असेल तर सुरी लागते, फळी कापायची तर करवत. करवतीने भेंडी चिरत बसाल आणि म्हणाल, छंद जमत नाही."

एका आजोबांना नातवाच्या वाढदिवसाची कार्डं करायची होती. त्यांना ताईंनी मोबाईलवरच्या एका साध्या ऍपवर मोकळं केलं. प्रीतमला — त्या बसलेल्या आवाजाचं नाव प्रीतम होतं — दुकानांवरच्या जुन्या, हाताने रंगवलेल्या पाट्यांमधली अक्षरं उतरवून घ्यायची होती. इमारती पाडायला निघाल्या की पाट्याही भंगारात जातात. तो त्यांचे फोटो काढून ठेवत होता.

"तुम्हाला रेषांचं सॉफ्टवेअर हवं," ताई म्हणाल्या. "इंकस्केप घ्या, फुकट आहे. आणि तुम्ही हो?"

"फोटो…" इरावती म्हणाली. "एक-दोन फोटो नीट करायचेत. असंच, छंद म्हणून."

"मग थरांवर थर ठेवता येतील असं हवं. फोटोशॉप आहे, पण त्याचं भाडं चालू राहतं. गिम्प आहे, फुकट, फक्त सुरुवातीला डोकं फिरवतं. चार-पाच वापरून बघा. जे उघडायचा कंटाळा येत नाही, ते आपलं."

इरावतीच्या मनात आलं, सध्या मला डोळे उघडायचाही कंटाळा येतो. ते ती बोलली नाही. अर्धा तास झाला होता, म्हणून तिने आपला चार्जर काढून प्लग प्रीतमला मोकळा करून दिला.

"छंद हा शब्द इतका दमून म्हणताना मी कुणाला ऐकलं नव्हतं," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही ऐकायचं काम करत नाही. बोलायचं करता."

"रविवारी उलट असतं."

कार्यशाळा एकाच दिवसाची होती. पण वरचा मजला रविवारी सकाळी मोकळाच असायचा आणि शर्मिष्ठाताई तिथे पुस्तकांच्या याद्या करत बसायच्या. पुढच्या रविवारी इरावती आली, तेव्हा प्रीतम आधीच आलेला होता. या वेळी त्याने घरून लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड आणला होता. त्यावर चार जणांची सोय झाली असती. बसले दोघंच.

मग रविवारामागून रविवार ते सॉफ्टवेअर वापरून बघत राहिले. एकाची सात दिवसांची मुदत होती. सोमवार ते शनिवार दोघांचं लॅपटॉप उघडणंच व्हायचं नाही, त्यामुळे पुढच्या रविवारी उघडलं की ते मुदत संपल्याचंच सांगायचं. दुसरं ब्राउझरमध्येच चालायचं, पण दर दोन मिनिटांनी मध्येच साडीची जाहिरात यायची.

"घेऊन टाका," प्रीतम म्हणायचा. "ती साडी तुमचा पिच्छा सोडणार नाही."

"जांभळी मला शोभत नाही."

"हे कोण म्हणालं?"

ती स्क्रीनकडे बघत राहायची… आणि कान मात्र गरम व्हायचे.

ती अंधेरीला एका विमा कंपनीत दावे तपासायची. दिवसभर लोकांच्या आजारपणाची कागदपत्रं वाचायची आणि कुणाला हो, कुणाला नाही म्हणायचं. घरी क्षमाताई, म्हणजे आई, तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आणि संध्याकाळची भाजी. थकवा इतका जुना झाला होता, की तिला तो आता स्वभावच वाटायला लागला होता. प्रीतमचंही फार वेगळं नव्हतं. घाटकोपरच्या भटवाडीत तो आईवडिलांबरोबर राहायचा. वडील गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले, मुलाने शिकून मास्तर व्हावं म्हणून झिजले. मुलगा मास्तर झाला आणि आता तो झिजत होता. अक्षरं मात्र तो सावकाश काढायचा. एका 'ळ'च्या वळणावर अख्खा तास घालवायचा.

एका रविवारी गिम्प उघडेपर्यंत तिने टेबलावर डोकं टेकवलं. जाग आली तेव्हा घड्याळाचा काटा पाऊण तास पुढे गेला होता. पंखा तिच्या दिशेने वळवलेला होता.

"उठवलं का नाही?"

"मला वाटलं, तू त्यासाठीच आलीस."

"तू?" तिने भुवई उंचावली.

"इतका वेळ एखाद्याचं घोरणं ऐकल्यावर तुम्ही-आम्ही जड जातं गं."

"मी घोरत नाही."

"बरं. पंखा घोरत असेल."

त्या दिवशी तिने त्याला फोटो दाखवला.

फोटो तिच्या लग्नातला होता. मधोमध तिचे बाबा, मधुकर. उसन्या कोटात, तोंडभर हसत. त्यांच्या शेजारी हर्षद, तिचा तेव्हाचा नवरा. हर्षदचा हात बाबांच्या खांद्यावर. लग्न अडीच वर्षं टिकलं. वांद्र्याच्या कोर्टात कागदावर संपलं तेव्हा कुणी रडलंही नाही. त्यानंतर अकरा महिन्यांनी बाबा गेले. कॅमेरा समोर आला की बाबा चेहरा कडक करायचे, त्यामुळे त्यांचा हसरा फोटो म्हणून हा एवढाच.

"आईला भिंतीवर लावायला हवाय," इरावती म्हणाली. "पण हा असा… कसा लावायचा? बाहेर स्टुडिओत दिला असता. पण मग कुणीतरी विचारणार, ताई, हे कोण, यांना का काढायचं. मला नको होतं ते."

प्रीतमने खुर्ची जरा जवळ ओढली.

आधी त्यांनी एका बोटाने काहीही पुसून देणारं ऍप वापरून बघितलं. हर्षद एका सेकंदात गेला. हातही गेला. हाताखालचा खांदा ऍपने आपल्या मनाने भरून काढला, गुळगुळीत आणि सरळ.

इरावतीने स्क्रीनजवळ वाकून बघितलं.

"हे बाबा नाहीत."

"काय चुकलं?"

"ते जलखात्यात होते. चावीवाले. रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी असते ना, ती वर्षानुवर्षं डाव्या खांद्यावर वाहिली. डावा खांदा बोटभर खाली होता त्यांचा. याने तो सरळ करून टाकला."

तेव्हा गिम्प नक्की झालं. त्यात ठशासारखं एक साधन होतं. फोटोतलाच एक तुकडा उचलायचा आणि हवा तिथे उमटवायचा. काम किचकट, मुंगीच्या चालीचं. पण कुठला धागा कुठे जाईल ते ती स्वतः ठरवू शकत होती. तिचा लॅपटॉप एवढा मोठा फोटो पेलेना, म्हणून फाईल प्रीतमच्या लॅपटॉपवर ठेवली. ती माउस धरायची. तो पेनाच्या टोपणाने स्क्रीनवर जागा दाखवायचा — "इथे, बाहीची शिवण बघ" — पण माउसला त्याने कधी हात लावला नाही. एकदा दोघांची बोटं पाण्याच्या बाटलीवर एकत्र आली. दोघांनीही जरा उशिराच मागे घेतली.

डिसेंबरात ऑफिसात वर्षअखेरीचं काम तुंबलं. त्यातच आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तीन रविवार इरावतीला फिरकता आलं नाही. प्रीतमचे मेसेज यायचे. आईंना थेंब घातलेस का… जेवलीस का… पंखा तुझी आठवण काढतो. ती हसायची आणि उत्तर लिहिता लिहिता झोपून जायची.

चौथ्या रविवारी ती जिना चढून आली, तेव्हा प्रीतम उभाच होता. चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल घरी घेऊन आलेल्या मुलासारखा भाव. त्याने एक मोठं पाकीट तिच्या हातात दिलं.

आत फोटो होता, नीट छापून आणलेला. बाबा एकटे. मागे साधा करडा पडदा. हर्षद नाही, हात नाही. कोटाचं कापड धाग्याला धागा जुळवून विणल्यासारखं. आणि डावा खांदा बरोबर बोटभर खाली.

खांदा बरोबर होता, आणि तेच तिला सहन झालं नाही.

"कधी केलंस हे?"

"सकाळच्या बॅचआधी, रोज थोडं थोडं. तू इतकी दमलेली होतीस, म्हटलं…"

"म्हणून माझं काम तू करून टाकलंस?"

"इरा, मला वाटलं तुला बरं वाटेल."

"विचारलंस का?"

तिचा आवाज चढला नव्हता. ती खूप दमलेल्या माणसासारखी, एकेक शब्द ठेवत बोलत होती.

"हर्षदनेही मला कधी मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. तो फक्त सगळं करून ठेवायचा. घर बघून ठेवलं, रंग ठरवून ठेवले. एक दिवस माझ्या राजीनाम्याचं पत्र टाइप करून आणलं. तू दमतेस ना, म्हणाला, फक्त सही कर. मी सहीपण केली, प्रीतम. परत नोकरी मिळवायला मला दीड वर्ष लागलं. आणि बाबांचा फोटो… तो मला करायचा होता. वाईट झाला असता तरी."

प्रीतमने लॅपटॉप उघडला, तिच्या नकळत केलेली फाईल शोधली आणि पुसून टाकली. तिने जिथवर काम आणलं होतं, ती जुनी फाईल पेनड्राइव्हवर घेऊन तिच्यासमोर ठेवली.

"छापलेला तुझ्याकडे ठेव, नाहीतर फाड," तो म्हणाला. "तुझी मर्जी."

पेनड्राइव्ह घेऊन ती निघाली. पाकीट तिथेच टेबलावर राहिलं.

वेगळं राहणाऱ्या भावाचा जुना पण दमदार कॉम्प्युटर घरी माळ्यावर पडून होता. तो तिने खाली काढला, गिम्प टाकलं आणि रविवारी सकाळी बसायला लागली. शेजारच्या खुर्चीवर आई, डोळ्याला काळा चष्मा. दोन रविवार धाग्याला धागा जुळवण्यात गेले. मन लागत नव्हतं. कापड जुळत नाहीसं झालं की तिला पेनाचं टोपण आठवायचं. मग राग यायचा, त्याच्यावर की स्वतःवर, ते कळायचं नाही.

तिसऱ्या रविवारी तिने फोटो खूप मोठा करून बघितला. स्क्रीनवर फक्त बाबांचा खांदा आणि त्यावरची चार बोटं. हात अलगद ठेवलेला होता. आणि बाबांची मान किंचित त्या हाताकडे कललेली होती.

"आई, बाबा इतके का हसतायत गं इथे?"

क्षमाताईंनी चष्मा वर करून, एक डोळा बारीक करून बघितलं.

"फोटोवाला म्हणाला, जावईबापू, हात खाली घ्या, कोटाला चुण्या पडतात. तर हे म्हणाले, राहू दे हो, बरं वाटतंय." आईने चष्मा परत खाली ओढला. "तेव्हा तो हात वाईट नव्हता गं. नंतर झाला."

इरावतीने आतापर्यंत जुळवलेले सगळे धागे काढून टाकले. फोटोची चौकट आत घेतली. हर्षद चौकटीबाहेर गेला. खांद्यावरची बोटं राहिली. बाबांचं हसू ज्याच्यामुळे होतं, ते पुसून नुसतं हसू ठेवणं तिला खोटं वाटलं.

फोटो भिंतीवर लागला. संक्रांतीला शेजारच्या सुगंधाकाकू तिळगूळ घेऊन आल्या. निरखून बघत त्यांनी विचारलं, "हा हात कुणाचा?"

"लग्नातल्याच कुणाचातरी," क्षमाताई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

ज्या प्रश्नाला इरावती घाबरत होती, तो एवढ्यात संपला होता. आणि काकू गेल्यावर तिला सगळ्यात आधी जे वाटलं ते हे, की हे प्रीतमला सांगायला हवं.

पुढच्या रविवारी ती वाचनालयात गेली. वरचा मजला रिकामा. शर्मिष्ठाताई डोक्यावरचा चष्मा शोधत होत्या.

"तो आता दुपारी चारनंतर येतो," त्या म्हणाल्या, तिने काही विचारायच्या आधीच. "म्हणाला, सकाळची वेळ तिची आहे. ती आली आणि मला बघून परत गेली, असं नको."

इरावती घरी गेली नाही. पाच रस्त्याच्या नाक्यापर्यंत चक्कर मारली, डोसा घेतला, अर्धा टाकला. चार वाजता परत जिना चढली.

प्रीतम खिडकीजवळ बसला होता. स्क्रीनवर एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची पाटी होती, अर्धी उतरवून झालेली. तिला बघून तो उठला, मग बसला, मग पुन्हा उठला.

"मी माफी मागायला आले नाहीये," ती म्हणाली.

"मग?"

"तू मागितली नाहीस, ती न्यायला आले."

त्याच्या चेहऱ्यावर हसू येऊ की नको करत राहिलं.

"चुकलो," तो म्हणाला. "त्याच दिवशी कळलं होतं. पण तेव्हा माफी मागितली असती, तर तुला लगेच बरं आहे म्हणावं लागलं असतं. दमलेल्या माणसाला आणखी एक काम. म्हणून…"

"म्हणून महिनाभर गप्प बसलास?"

"रोज लिहायचो. पाठवायचो नाही."

"काय लिहायचास?"

"तेच. जेवलीस का."

तिने मान खाली घातली. मग फोन काढून भिंतीवरच्या फोटोचा फोटो त्याला दाखवला. त्याने तो जवळ धरला आणि बराच वेळ बघितला. चार बोटांपाशी त्याची नजर थांबलेली तिला दिसली. हात का ठेवलास, असं त्याने विचारलं नाही.

"चौकट एका बाजूला जरा तिरकी कापली गेलीय," तो शेवटी म्हणाला.

"माहितीये. तसंच राहू दे."

"राहू दे," तो म्हणाला. "छान झालाय, इरा. खरंच."

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं. प्रीतमने लॅपटॉप मिटवला.

"एक विचारू?" प्रीतम म्हणाला. "या वेळी विचारतोय, बघ."

"विचार."

"पुढच्या रविवारी लॅपटॉप नको, फोटो नको, काहीच शिकायचं नाही. वर्सोव्याला जाऊ. बोटी येतात त्या बघत नुसतं बसू. दमलो तर दमलेलेच बसू. येशील?"

"नुसतं बसायला एवढ्या लांब?"

"म्हणजे… तिथे गेल्यावर सांगणार होतो, की तू मला आवडतेस. खूप. पण इथेच निघालं तोंडातून." तो खिडकीबाहेर बघू लागला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आता वर्सोव्याला जायचं कारणच राहिलं नाही."

इरावतीने खांद्यावरची बॅग काढली, टेबलावर ठेवली आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. तिला एकाएकी जाणवलं, की आपल्याला घरी जायची घाई नाही.

"मलाही आवडतोस," ती म्हणाली. "पण जाऊ या. तिथेही सांग. मी पहिल्यांदाच ऐकतेय असं करीन."